नवागामच्या गल्लीतील ध्वनिमुद्रण सुधार समितीचा अहवाल

ध्वनिमुद्रणाची गुणवत्ता यंत्रावर अवलंबून नसते, ती समितीवर अवलंबून असते. हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं, आणि आमच्या गल्लीने ते सन १९९८च्या श्रावणातच मान्य केलं होतं.

प्रस्तुत लेखक समितीचा चिटणीस. नाव पांडुरंग, एरवी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात मेताजी. (कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात आणि कारकुनाला मेताजी. दोन्ही शब्द ऐकायला बरे वाटतात.) आमच्या गल्लीत घरं अठ्ठावीस, खाती पाच आणि इलेक्ट्रिक गिटार एक. ही गिटार भटूनानांच्या धाकट्या मुलाची, भूपेंद्रची. बारडोलीचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्याने ती आणली. पुढे कामरेजचा कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तेव्हा तिथला एक कॉम्प्युटरही आणला. बंद पडलेल्या संस्थांचा असा सदुपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मुंबईच्या एका कॅसेट कंपनीने भूपेंद्रला कळवलं होतं की घरीच तीन मिनिटं गिटार मुद्रित करून पाठवा, पसंत पडली तर स्टुडिओत कायमची जागा देऊ. मुदत दिवाळीपर्यंत. भूपेंद्र खात्यात रात्रीची बारा तासांची पाळी करायचा. भटूनानांनी तीच पाळी सव्वीस वर्षं केली होती आणि आता त्यांना फक्त ओरडलेलं ऐकू यायचं. भूपेंद्र मला एकदा म्हणाला, "मेताजी, नानांचे कान गेले, त्यांचं भागलं. माझे गेले तर मी वाजवू काय?" त्याला कान शाबूत असताना खात्यातून सुटायचं होतं. समिती त्यासाठी होती.

पहिल्या बैठकीत आवाज बिघडवणारी कारणं शोधण्यात आली. गिटारची तार सरळ कॉम्प्युटरला जोडली तर घूं असा आवाज येतो आणि स्पीकरपुढे माइक ठेवला तर गल्ली आत येते, असं आढळलं. समितीने गल्लीला प्राधान्य दिलं, कारण घूंला दम देता येत नाही.

त्यानंतर करण्यात आलेल्या सुधारणा मी अभिमानाने नमूद करतो. पंखा बंद. खिडकीला आणि चारही भिंतींना रिजेक्ट मालाच्या बावीस साड्या. (खोली आतून लग्नमंडपासारखी दिसे आणि तव्यासारखी तापे.) कॉम्प्युटरच्या पडद्यामुळे गिटार कुरकुरते, म्हणून वादकाने पडद्याकडे पाठ करून बसावं. पाठ केल्यावर माऊस दाबायला माणूस लागतो, तो मी. भंगारवाल्याने साडेचार ते पाच या वेळेत गल्लीत ओरडू नये, हातवारे करावेत. त्याने ते केले. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कलाबाईंच्या कुकरला दोन शिट्ट्यांची मर्यादा घालण्यात आली आणि त्या काळात गल्लीच्या त्या टोकाला तूरडाळ कच्ची राहिली.

अर्थिंगचा मात्र वाद झाला. घूंचा आवाज जिरावा म्हणून अर्थिंग नीट हवं, आणि त्यासाठी दारात खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरलं. ही माती ओली राहावी लागते, सबब रोज दोन बादल्या पाणी. आमच्या नळाला पाणी सकाळी पाऊण तास. कलाबाई बादली धरून खड्ड्यापाशी उभ्या राहिल्या. "आम्ही रांगेत मरतो आणि तुम्ही जमिनीला पाणी पाजता? गिटारला तहान लागते का?" समितीने त्यांना कार्यकारिणीत घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच पाणी घालू लागल्या आणि इतर कुणाला खड्ड्याजवळ येऊ देईनात.

गुरुवारी खात्यांना सुट्टी असते. भूपेंद्रच्या खोलीची लाइट खात्याच्याच मीटरवरून घेतलेली, त्यामुळे मेन स्विच पडला की तीही जाते. म्हणून गुरुवारी मुद्रण शक्य नव्हतं. ते गुरुवारीच करावं असं कुणाला वाटण्याचं कारणही नव्हतं. उलट गुरुवारी गल्लीत पुष्कळांचं डोकं दुखतं आणि तान्ही मुलं झोपत नाहीत.

गणपतीनंतर टेप तयार झाली. भूपेंद्रने फार सुंदर वाजवलं होतं. अठ्ठावीस घरांतल्या बेचाळीस जणांना ती ऐकवून लेखी मत घेण्यात आलं. एकेचाळीस जणांनी "एकदम स्वच्छ" असा शेरा दिला. यात भटूनानाही होते. त्यांनी स्पीकरवर हात ठेवून शेरा दिला.

बेचाळिसावी धनश्री, भूपेंद्रच्या थोरल्या भावाची बायको. लग्न उन्हाळ्यातच झालेलं, पण पारोळ्याकडच्या खेड्यातून सुरतेत आली त्याला आठच दिवस झाले होते. ती स्वयंपाकघराच्या दारात डोक्यावरचा पदर सावरत उभी होती. इतकं हळू बोलली की दोनदा विचारावं लागलं.

"भाऊ, ह्या मांगे काय वाजी ऱ्हायनं? खट खट, खट खट."

भूपेंद्रने टेप मागे घेऊन पुन्हा लावली. मी कान लावला, कलाबाईंनी लावला. काही नव्हतं. भटूनानांच्या कानात मी तिचं म्हणणं ओरडून सांगितलं, तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "तू नवी शे, बेटा. व्हई जाई सवय." मी इतिवृत्तात लिहिलं: "एका सदस्याने हरकत घेतली. सदस्य नवीन असल्याने हरकत विचारात घेऊन फेटाळण्यात आली." टेप रजिस्टर पोस्टाने रवाना झाली.

दसऱ्याला उत्तर आलं. "गिटार उत्तम आहे. मागची रेल्वे बंद करून पुन्हा पाठवा."

समितीने हे पत्र अत्यंत गांभीर्याने घेतलं. रेल्वे गल्लीपासून बरीच लांब, पण मुंबईची माणसं म्हणतात तर असेल. मी स्वतः चार दिवस फाटकाशी बसून गाड्यांच्या वेळा टिपल्या. सगळ्यात मोठी मोकळी वेळ दुपारी मिळाली, एकोणीस मिनिटांची. तेवढ्यात भूपेंद्रने पुन्हा वाजवलं, पहिल्यापेक्षाही चांगलं. कलाबाईंनी त्या दिवशी तीन बादल्या घातल्या.

दिवाळी उलटल्यावर दुसरं पत्र आलं, कार्डावर. "रेल्वे तशीच आहे. जागा भरली."

भूपेंद्रने कार्ड दोनदा वाचलं. मग त्याला धनश्रीची आठवण झाली. त्याने तिला बोलावलं, दोन्ही टेपा लावल्या आणि म्हणाला, "वहिनी, तुला पहिल्यांदा जे ऐकू आलं होतं, ते कुठे येतं तेवढं मला बोट करून दाखव."

तिला सुरतेत येऊन आता दोन महिने होऊन गेले होते. तिने पहिली टेप पूर्ण ऐकली, दुसरी पूर्ण ऐकली. पदराआडून बोलणं तिने केव्हाच सोडलं होतं. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "कसानी खटखट, भाऊ? माले ते काहीच आयकू येत नही. चांगलं वाजाडेल शे."

भटूनानांनाही ते स्पष्ट ऐकू गेलं आणि त्यांनी मान डोलावली. भूपेंद्रने मात्र दोन्ही हातांनी कान दाबले, सोडले, पुन्हा दाबले. मग गिटार साडीत गुंडाळून ठेवली आणि पाळीची वेळ झाली होती म्हणून खात्यात गेला. मला वाईट वाटलं. इतिवृत्तात वाईट वाटण्यासाठी रकाना नाही, म्हणून इथे लिहितो.

ठराव एकमताने मंजूर झाला: बेचाळीसपैकी बेचाळीस, टेप स्वच्छ. समितीचं काम संपलं असून खड्डा बुजवायला कलाबाईंची हरकत आहे.

वाचक आता हसत असतील. हसायला आमची ना नाही. फक्त त्यापूर्वी आपल्या अंगावरचा कपडा एकदा कानाला लावून पाहावा, विशेषतः साडी असेल तर. तो बहुधा आमच्याच गल्लीतून आलेला असतो. काहीही ऐकू आलं नाही, तर सदस्यत्वासाठी वेगळा अर्ज करण्याची गरज नाही. आपलं नाव मी त्रेचाळिसावं म्हणून नोंदवून घेतलं आहे.