काकू एकट्या राक्षसावर जातात

चौघांनी मिळून करायची मोहीम आता एकट्यादुकट्यालाही करता येईल, असं त्या ऑनलाइन गेमनं जाहीर केलं आणि लिफ्टवाल्या काकांची नोकरी दुसऱ्यांदा गेली. (पहिली गेली तेव्हा निदान एक घड्याळ तरी मिळालं होतं.)

गेम काकूंचा. रोज संध्याकाळी दूरच्या गावाहून काकूंची ताई ऑनलाइन यायची, आणखी कुठून तरी काकांची धाकटी बहीण यायची, आणि तिघी कानाला हेडफोन लावून किल्ल्यात शिरायच्या. किल्ल्याच्या दाराशी एक दगड होता. त्यावर कुणी उभं राहिलं तरच दार उघडं राहायचं. ते काम काकांचं. लिफ्टचं दार धरण्यात जन्म गेलेला माणूस तो. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर हे कामही मन लावून करायचा. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, मधे शेंगदाण्यांची वाटी. तलवार चालवताना काकूंचं कोपर अधूनमधून काकांना लागायचं. काकांना दिवसभरात तेवढंच हवं असायचं.

पण गेल्या आठवड्यात घराची बेल वाजली. काका सवयीनं उठले, उठताना हात कुठल्याशा बटणावर पडला आणि त्यांचा गेममधला गडी दगडावरून खाली उतरला. दार बंद. आत तिघी आणि राक्षस. इस्त्रीचे कपडे घेऊन काका परत येईपर्यंत तिघी गतप्राण झाल्या होत्या. (त्यातली एक सख्खी बहीण.)

“दादा, अरे एक दार सांभाळता येईना तुला?” ती मेलेली बहीण इतक्या जोरात ओरडली, की हेडफोन काकूंच्या कानाला असूनही काकांना ऐकू आलं.

आणि आता हा नवा नियम.

“आज मी एकटीच जाते,” काकू म्हणाल्या. “दगडावर गेमचाच माणूस उभा राहणार. मशीनचा.”

“त्याला बेल ऐकू आली तर?”

“येत नाही.”

“शिंक आली तर?”

“अहो, तुम्ही बटाट्यांकडे बघा!”

काकांनी गॅसवर बटाटे परतायला टाकले. पण मन लागेना. रिकाम्या खुर्चीकडे बघवेना. भाजीचा डाव हातात घेऊन ते हळूच काकूंच्या मागे येऊन उभे राहिले, आणि तसेच राहिले.

आतलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. दगडावरून फक्त दार दिसायचं.

केवढा तो दरबार! छताच्या जागी आभाळ, आभाळात दोन चंद्र. काका ज्या इमारतीत लिफ्ट चालवायचे तिच्याहून उंच राक्षस. आणि पाल दिसली की खुर्चीवर चढणारी आपली बायको त्याच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून खांद्यावर चढतेय! त्याचा एकेक हात यायचा वाऱ्यासारखा, आणि ही अशी वाकायची की काका जागच्या जागी वाकायचे. हे रोज चालायचं? आपण शेजारी बसून शेंगदाणे खात होतो तेव्हा?

“अहो,” काकू मान न वळवता म्हणाल्या, “राक्षसाच्या तोंडातून धूर येतो, ठीक आहे. पण वास कसा येतोय?”

बटाटे कोळसा झाले होते. काकांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि खोकत परत आले, तोवर राक्षस गुडघ्यांवर आला होता. मग तो पडला. टेबलावरची वाटीसुद्धा थरथरली, असं काकांना वाटलं.

काकूंनी चष्मा काढून पुसला.

“अगं, तू...” काका म्हणाले. एवढ्या मोठ्या बाईला आपली गरज ती काय पडणार? ते कढई घासायला वळले.

“अहो, ऐका ना. उद्यापासून तुम्ही आत या बरं का माझ्याबरोबर. दोघांना चालतं आता.”

काकांच्या हातातली कढई सुटता सुटता राहिली. “करमलं नाही ना एकटीला?”

“करमायला वेळ कुणाला होता? पण केवढं सोनं त्याचं, ढाली, गालिचे! माझ्या एकटीच्या पिशवीत मावतंय होय? निम्मं तिथंच टाकून आले. जीव तुटला नुसता.”

“आणि तो दगडावरचा? तो नाही उचलत?”

“तो? त्याने एकदा उघडलं की दार उघडंच राहतं, मग तो आत येऊन खाली राक्षसाच्या पायांशी लढतो,” काकू म्हणाल्या. “लढणाऱ्या माणसाच्या हातात पिशव्या कशा द्यायच्या?”