प्रोग्रॅम कामावर आहे

जन्म-मृत्यूचे दाखले छापणारा प्रोग्रॅम सोमवारी सकाळी सुरू होता होताच कोसळला. कोसळण्यापूर्वी एक काम मात्र त्याने चोख केले. ‘मी कामावर आहे, दुसऱ्याने येऊ नये’ अशा अर्थाची छोटी फाइल संगणकात ठेवली. काम संपले की ती त्यानेच काढायची, असा शिरस्ता. काम सुरूच झाले नाही, त्यामुळे संपलेही नाही. पुन्हा सुरू करायला जावे, तर संगणक ती फाइल बघून सांगे, ‘प्रोग्रॅम कामावर आहे.’

गुरुवारी दाखल्यांसाठी सोमवारपासून उभ्या असलेल्या आमच्या रांगेच्या टोकाला एक बाई येऊन उभ्या राहिल्या. लेकीचा शाळाप्रवेश त्याच दिवशी पाचला बंद होणार होता आणि हातात जन्मदाखला नव्हता.

“साहेब, ती फाइल पुसतो. मिनिटभराचं काम आहे,” संगणक दुरुस्तीवाला म्हणाला.

“कामावर असलेल्याची हजेरी पुसायची?”

“अहो, तो मेलाय!”

“दाखला आहे?”

साहेबांनी प्रोग्रॅमला लेखी खुलासा मागितला. उत्तर आले नाही, तेव्हा ‘कामात व्यग्र’ असा शेरा मारला. चार दिवस जागचा हललेला नाही, चहा नाही, रजा नाही! साहेबांना भरून आले. आदर्श कर्मचारी म्हणून त्याची शिफारस लिहायला ते आत गेले.

बाई खिडकीशी आल्या. “दादा, पोरीचं वर्ष वाया जाईल हो.”

दुरुस्तीवाल्याने आतल्या दाराकडे पाहिले आणि फाइल पुसली. प्रिंटर खडखडला. दाखला छातीशी धरून बाई अशा पळाल्या की त्यांची एक चप्पल इथेच राहिली. मला खरोखर आनंद झाला. आता एकेकाचा दाखला निघणार होता. आम्ही फक्त गप्प बसायचे होते.

“ती तर शेवटची होती!” रांगेतून आवाज आला.

“मग आम्ही काय वेडे म्हणून चार दिवस उभे आहोत?”

दहा मिनिटांत तक्रारअर्ज तयार झाला. साहेब बाहेर आले. “मागणी काय आहे तुमची?”

“नियम सगळ्यांना सारखा!” आम्ही एका सुरात ओरडलो.

साहेबांनी तत्काळ दखल घेतली. फाइल होती तिथे परत ठेवण्यात आली. न्याय मिळाल्याच्या समाधानात रांग पुन्हा सरळ झाली.

अर्जावर पहिली सही माझी आहे. दुसरी तुमची. पेन माझ्याकडूनच घेतले होतेत.