फिल्टरातला चहा

सासऱ्यांसाठी चहा करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं आणि नसती बला ओढवून घेतली. त्याआधी आमच्या कुंभकोणच्या घरात चहा कुणी केलाच नव्हता. या गावात चहा पिणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर आजारी.

मामा, म्हणजे माझे सासरे वैद्यनाथराव, आजारी या सदरात मोडले. छातीत धडधडायला लागलं तेव्हा डॉक्टर कामाक्षीबाईंनी (आमच्याच मराठी मंडळींतल्या) त्यांची कॉफी बंद करून फिकट चहा सांगितला. आठवड्यात फरक पडला नाही तर तंजावरला दवाखान्यात ठेवू, असंही म्हणाल्या. मामांना मरणाची भीती नाही, दवाखान्याची आहे. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून माझ्या बायकोच्या, शिवरंजनीच्या, डोळ्यांत पाणी आलं. त्या भरात मी म्हणून गेलो, मामांचा चहा माझ्याकडे लागला.

चहा कसा करतात हे मी कुणाला विचारलं नाही. (विचारलं की लोकांना कळतं.) पूड ती पूड. रात्री कॉफीच्या पितळी फिल्टरच्या वरच्या, बुडाला भोकं असलेल्या भांड्यात चहाची पूड दाबून भरली, उकळतं पाणी ओतलं आणि कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे अर्क, ठेवतो तसं सकाळपर्यंत ठिबकत ठेवलं. खाली जे जमलं ते वर्षभर न घासलेल्या समईच्या रंगाचं होतं. त्यात दूध-साखर घालून मामांना टंबलरभर दिलं आणि सोबत म्हणून मीही घेतलं.

"कडू आहे," मामा म्हणाले. "म्हणजे गुण येणार."

गुण आला. मामांनी घरातल्या सगळ्या समया घासल्या, माळा आवरला, सहा किलोमीटरवरच्या तिरुनागेश्वरमला चालत जाऊन दर्शन घेतलं आणि परत येऊन शेजारच्या कृष्णमूर्तींची बाग खणून दिली. कृष्णमूर्तींनी ती खणायला सांगितली नव्हती. शिवरंजनी माझ्याकडे आदरानं बघू लागली (लग्नानंतर प्रथमच).

मग एका सकाळी मामांनी मला बाजूला घेतलं. "छातींत घोडं सुटल्यासारखं जालंय, आणि झोंप म्हणून नाहीं." शरीरातली कॉफी बाहेर पडते आहे, असं मी त्यांना समजावलं आणि चहा एक टंबलर वाढवला.

आठवडा संपायच्या आत मामांचे हात थरथरू लागले. शिवरंजनीनं तंजावरची पिशवी भरली. आधी कामाक्षीबाईंकडे निघालो, रिक्षात मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नवस बोलत होतो. खरं सांगतो, फार भ्यालो होतो. मला वडील नाहीत, मामाच आहेत.

ईसीजीची पट्टी बघून डॉक्टरबाईंनी विचारलं, हे पितात तरी काय? मी माझी कृती सविस्तर सांगितली, थोडी अभिमानानंच.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "अवो, चहाच्या पुडींत कॅफीन कमी नसतं. चमचाभर पत्ती गरम पाण्यांत दोन मिनिटं ठेवून गाळली, तर थोडंच उतरतं. तुम्ही मूठभर पूड दाबून रातभर पाझरवलींत. कॉफी परवडली असती."

हृदय ठणठणीत होतं. फिल्टर बंद केला की धडधड थांबेल, तंजावरला जायचं कारण नाही, असं त्यांनी सांगितलं आणि शिवरंजनी रडता रडता हसू लागली. मामांनी मला शिव्या द्यायच्या ऐवजी माझा हात घट्ट धरला. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मनगटाला गार हात लागला तेव्हा डोळे उघडले. डॉक्टरबाई माझी नाडी बघत होत्या. मीही तोच चहा पीत होतो, सकाळी तर दोन टंबलर घेतले, हे शिवरंजनीनं त्यांना सांगितलं होतं.

"एवढ्यानं बैल जागा राहील," त्या काळजीनं म्हणाल्या. "हे घोरतात कसे?"

"तुम्ही घाबरूं नका," मामा म्हणाले. त्यांचा आवाज आता अगदी पहिल्यासारखा झाला होता. "सरकारी नोकरींत आहेत ते."