शनिवारचं उघडं गॅरेज

गॅरेजचं दार गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत खाली आलं, थबकलं आणि घरघरत पुन्हा वर गेलं. छताला टांगलेल्या यंत्राचा दिवा लुकलुकला. नेस्टरने रिमोटचं बटण पुन्हा दाबलं. दाराने पुन्हा तेच केलं.

"वेडावून दाखवतंय मला," तो म्हणाला.

"म्हातारं झालंय ते," ट्रकमध्ये बसलेली त्याची बायको मार्लीन म्हणाली. "नवं घे म्हणून कधीची सांगतेय."

"म्हातारं झालं म्हणून बदलायचं? मग मलाही बदल."

"चौकशी केली होती. जुना परत घेत नाहीत."

ट्रकच्या मागे बोट जोडलेली होती आणि नेस्टरचं सगळं लक्ष तळ्याकडे लागलं होतं. तिथल्या धक्क्यावर खोल पाण्याची, सावलीतली अशी एकच जागा होती. मे महिन्याच्या जोडसुट्टीत जो आधी पोचेल, त्याची ती उन्हाळाभर. गेल्या वर्षी ती मार्लीनच्या भावाने, ओरेस्टने पटकावली आणि नेस्टर सगळा उन्हाळा शेवाळ्यातून बोट ढकलत राहिला. यंदाही तेच झालं असतं, तर त्याने ओरेस्टला त्याच शेवाळ्यात बुडवला असता.

पण आतली सगळी हत्यारं उघड्यावर टाकून जायचं कसं? दार हाताने ओढून घेता येत होतं, पण मग ते कोणीही एका बोटाने वर केलं असतं.

दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीलगत, दोन डोळे बसवलेले होते. एक किरण सोडायचा, दुसरा पकडायचा. मध्ये मांजर आलं तरी दार माघारी फिरायचं. मांजर कुठेच नव्हतं. नेस्टरने डोळे पुसले, सरळ केले, त्यांना आजोबांच्या युक्रेनियन भाषेत शिव्या घातल्या. मग त्याने ठरवलं, की सामानामागे कुठेतरी वायर तुटली असणार. दात-ओठ खात त्याने स्की, खुर्च्या, हॉकीची जाळी, व्यायामाची सायकल, सगळं अंगणात ओढून काढलं.

कॅनडातल्या त्या यॉर्कटन गावात मे महिन्यातल्या शनिवारी उघडं गॅरेज आणि अंगणात सामान दिसलं, की त्याचा अर्थ एकच होतो: घरातलं जुनं सामान विकायला काढलंय. पहिली मोटार लगेच थांबली.

"या स्की कितीला?" उतरलेल्या बाईंनी विचारलं.

"विकायच्या नाहीत."

"मग बाहेर का ठेवल्यात?"

"माझ्या आहेत. छपरावर ठेवीन."

बाई मैत्रिणीकडे वळून म्हणाल्या, "हा भाव कमी करणार नाही."

चिडून नेस्टरने पुठ्ठ्यावर 'काहीही विकायचं नाही' असं लिहून रस्त्याकडेला लावलं. पाटी वाचायला मोटारी हळू होऊ लागल्या आणि हळू झालेल्या मोटारी थांबू लागल्या. तो वायर तपासून बाहेर येतो, तो मार्लीनने व्यायामाची सायकल विकलेली.

"मी चालवतो ती!"

"त्यावर तुझे मोजे वाळतात."

वायर धडधाकट होती. संतापाने नेस्टरने रिमोट असा दाबला, की बटण आतच जायचं बाकी राहिलं. आणि दार खाली येऊ लागलं. गुडघ्याच्याही खाली. तेवढ्यात अंगणातला एक ताडमाड माणूस बोट बघायला दोन पावलं सरकला, आणि दार वर गेलं.

माणूस जिथून हलला होता, तिथून सकाळचं ऊन आता थेट किरण पकडणाऱ्या डोळ्यावर पडत होतं. इतके दिवस तिथे सावली धरणारं स्प्रूसचं उंच झाड समोरच्या शेजाऱ्यांनी आठवड्यापूर्वीच तोडलं होतं. यंत्राला काही झालंच नव्हतं. एवढ्या उन्हात डोळ्याला आपला बारीकसा किरण दिसेना, एवढंच.

नेस्टरने त्या माणसाला दंडाला धरून मागे आणला. "इथे उभे राहा. हलू नका."

"बोट विकायची आहे का?" त्याने विचारलं.

नाही म्हटलं असतं, तर तो निघून गेला असता. "आहे," नेस्टर दारावरची नजर न काढता म्हणाला.

"कितीला?"

नव्या बोटीलाही कोणी देणार नाही, अशी किंमत नेस्टरने सांगितली. माणूस विचारात पडला. तो स्तब्धपणे विचार करणाऱ्यांपैकी होता. दार खाली, आणखी खाली आलं आणि खट् करून टेकलं.

"ठीक आहे," म्हणत त्याने हात पुढे केला, आणि आनंदाच्या भरात नेस्टरने तो हातात घेऊन जोरात हलवला.

मग नेस्टरचा चेहरा उतरला. त्या भागात शेतंच्या शेतं नुसत्या हस्तांदोलनावर विकली गेली होती. दिलेला हात तिथे कोणी परत घेत नसे.

"सावलीसाठी एक खोकं ठेवलं असतंस तरी चाललं असतं," मार्लीन म्हणाली.

नवा मालक बोट आपल्या गाडीला जोडू लागला. आजच पाण्यात उतरवतो म्हणाला; कुठे बांधायची, ते काही त्याला ठाऊक नव्हतं.

नेस्टरच्या कपाळावरच्या आठ्या सकाळपासून पहिल्यांदा सैल झाल्या.

"धक्क्यावर डावीकडून पहिली जागा," तो म्हणाला. "खोल पाणी, गार सावली. पण आत्ता निघा. आणि एक टकला माणूस येऊन जागेवरून आरडाओरडा करील. त्याला अजिबात दाद देऊ नका."

"तो माझा भाऊ आहे," मार्लीन म्हणाली.

तिने ट्रकमधून कोबीच्या रोलचा डबा काढला आणि त्या माणसाच्या हातात दिला.

"वाटेत जेवायला थांबू नका," ती म्हणाली.