सोनूभाऊंचे घोडे

सोनूभाऊ परबांना इंग्रजीतला एकच प्राणी येतो, हॉर्स. पण त्या एका घोड्यावर त्यांनी आमच्या पेडण्यातल्या मैदानाची सगळी क्रिकेट कॉमेंट्री हाकली आहे.

नवखा पोरगा सिक्सर मारून गेला की तो 'डार्क हॉर्स'. उन्हात ओव्हरमागून ओव्हर टाकणारा 'वर्कहॉर्स'. कुणी धाव घ्यायची घाई केली की, "होल्ड युअर हॉर्सेस रे बाबा." आऊट झाल्यावर अंपायरशी हुज्जत घातली तर, "डेड हॉर्स तो. मेलेल्या घोड्याक किती मारतलंस?" खरा घोडा म्हणाल तर भाऊंनी शिगम्याच्या घोडेमोडणी नाचातलाच पाहिलेला, लाकडाचा.

दुसरी खोड भोंग्याची. दोन भोंग्यांपैकी एक मैदानाकडे आणि दुसरा उलटा, माडांपलीकडच्या स्वतःच्या घराकडे. "माडांना कसली कॉमेंट्री ऐकवता?" आम्ही चिडवायचो. ते नुसते हसायचे.

यंदा फायनलला कमिटीनं म्हापशाहून गुळगुळीत आवाजाचा कॉमेंटेटर आणला आणि दोन्ही भोंगे मैदानाकडे वळवले. भाऊंचा चेहरा पडला. काजूच्या झाडाखाली जाऊन बसले बिचारे. मला वाईट वाटलं, पण कमिटीपुढे कोण बोलणार?

समोर मुळगावची टीम. आमचे अकराही परब. पाहुणा आडनावांवर चाललेला: "परब आऊट. त्याच्या जागी परब. समोर परब." मुळगाववाले पोट धरून हसत होते, आमच्या खेळाडूंच्या आया मात्र रडकुंडीला आलेल्या. एकीनं स्टेजवर जाऊनच विचारलं, "अरे, कोणाचो पोरगो आऊट जालो?"

शेवटी अध्यक्ष स्वतः माइक घेऊन काजूखाली गेले. "भाऊ, आमची चूक जाली. धरा."

भाऊंनी आधी एक भोंगा घराकडे वळवला, मग तोंड उघडलं. "पिंट्या, गिरणवाल्याचो. त्याच्यासोबत बाळो." गावाचा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या बॉलवर चार हव्या होत्या आणि पिंट्याच्या पोटरीत गोळा आला. "चार्ली हॉर्स," भाऊ म्हणाले. "पायात गोळो येता तेका इंग्लिशीत चार्ली हॉर्स म्हणतत. बरोबर मां गो?" हे 'गो' कोणा बाईला, आम्हाला कळेना. तोवर पिंट्यानं लंगडत लंगडत बॅट फिरवली आणि बॉल कुंपणापार.

मैदान नाचायला लागलं. तेवढ्यात माडांपलीकडून घंटा वाजली. शाळेतली, हातात धरून वाजवायची. थांबेचना.

ती टीचरची. टीचर म्हणजे भाऊंची बायको. आम्हा सगळ्यांना इंग्रजी तिनंच शिकवलं. कंबर मोडल्यापासून खाटेवर आहे, हे गावाला ठाऊक होतं. पण हे सगळे घोडे तिच्या तबेल्यातले, आणि ती त्या भोंग्यातून मॅच बघते, हे आम्हा शहाण्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही.

अध्यक्षांनी चपला काढल्या. खांबावर चढले आणि दुसरा भोंगाही त्या घराकडे फिरवला.

भाऊंनी माइक पुन्हा तोंडाशी धरला. मग एकदम म्हणाले, "आमी जिंकलो गो."