सुनीलने रंगवलेला बर्फ

"माझं चित्र बघून शेठ मला जागच्या जागी कायम करतात की नाही, बघच तू," सुनील बायकोला, तृप्तीला म्हणाला. तो चुन्याची पावडर बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. कायम होण्याचं पत्र दोन वर्षं नुसतं येतंय येतंय करत होतं. त्यात वार्षिक मेळाव्याला कामगारांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं.

इंदिरानगरच्या बाल्कनीत बसून त्याने परदेशातला हिवाळी रस्ता रंगवला. जवळून नुसते पांढरे फटकारे, लांबून मात्र बर्फाने माखलेली झाडं, घरं, माणसं. तृप्तीने दोन्ही अंतरांवरून पाहिलं आणि छान म्हणाली.

मेळाव्याला पाहुण्या म्हणून कारखान्यांचं प्रदूषण तपासणाऱ्या हर्षाली मॅडम आल्या. सुनीलच्या चित्रापुढे थांबल्या, त्या थांबल्याच.

"किशोरशेठ, झाडं एवढी पांढरी झालीत तुमच्याकडे?"

शेठनी आधी चित्राकडे पाहिलं, मग सुनीलकडे. सुनील घाईने पुढे झाला.

"मॅडम, तो बर्फ आहे."

"बर्फ पाहिलाय कधी?"

"हो. फ्रीजमध्ये."

"आणि माणसं तोंडाला फडकी बांधून का चाललीत?"

"मफलर आहेत ते. थंडी आहे ना," म्हणताना त्याला दरदरून घाम फुटला होता.

शेठ त्याच्या कानाशी आले. "खाली मोठ्या अक्षरात 'बर्फ' लिही. आत्ताच्या आत्ता."

सुनीलने मार्कर टेकवला. रंग अजून ओला होता. अक्षरं फिसकटली, शाई पसरली आणि एका घरावर काळा लोट उठला.

"धुराडंही दाखवलंत? बरं केलंत," मॅडम म्हणाल्या.

"आता हात लावू नकोस रे," तृप्ती मागून पुटपुटली.

पुढचा तासभर सुनील मनातल्या मनात राजीनामा लिहीत बसला. शेवटी माइकवरून मॅडमचा आवाज आला, "'आपला परिसर' या विषयात पहिलं बक्षीस, सुनील!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात शेठ वाजवत होते, मॅडमकडे बघत.

सोमवारपासून कारखान्यासमोरच्या पांढऱ्याफटक रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरू लागला. शेठनी सुनीलला काढलं नाही, पाइप हातात देऊन टँकरवर उभं केलं.

आठवड्याने तृप्तीने विचारलं, "सध्या काय रंगवतोयस?"

"झाडं," तो बाही पिळत म्हणाला. "हिरवी."