दहा कावळे आणि तीन त्रिक

आमच्या चौथीत रुखसार मुलाणीचं उत्तर प्रश्नाच्या चार दिवस आधी येतं आणि सुनेत्रा वाघचौरेचं चार दिवसांनी. मी वर्गशिक्षिका, त्यामुळे तारखा जुळवण्याचं काम माझ्याकडे आहे.

रुखसार म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तिचं उत्तर बहुधा अर्ध्याच प्रश्नाचं असतं, पण वर्गात पहिलं तेच ऐकू येतं, म्हणून सगळे तिला हुशार म्हणतात. सुनेत्राचं उत्तर कधी चुकलेलं मला आठवत नाही. केंद्रप्रमुख साहेबांनी मात्र मागच्या भेटीत तिच्याबद्दल शेरा मारला होता, ‘मुलगी बोलत नाही. पुढच्या वेळीही गप्प राहिल्यास पुन्हा तिसरीत बसवावे.’

पुढची भेट बुधवारी साडेदहाला ठरली. त्याआधीच्या शनिवारी बरोबर साडेदहाला रुखसार उठून म्हणाली, "नऊ."

म्हणजे साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. मी लगेच सुनेत्राला विचारलं, "तीन त्रिक किती?" ती नेहमीसारखी खिडकीबाहेर बघू लागली.

बुधवारी साहेबांनी तिलाच उभं केलं. "झाडावर दहा कावळे बसलेत. दगड मारून मी एक पाडला. झाडावर किती उरले?"

"नऊ," सुनेत्रा म्हणाली.

"चूक. पण बोलली की पटकन." साहेबांनी शेरा लिहिला, ‘प्रगती समाधानकारक. चौथीत ठेवावे.’ मला आनंद झाला आणि लाजही वाटली.

रविवारी साडेदहाच्या सुमारास तिचे वडील तिला घेऊन माझ्या घरी आले. "बाई, हिचं उत्तर यायचंय. शाळा बंद, म्हून हितंच आणली."

सुनेत्रा उंबऱ्याशी उभी राहिली. "एकपण नाही, बाई. बाकीचे उडून गेले असणार. पण साहेबांनी दगड कशाला मारला?"

मी ते बुधवारच्या तारखेखाली वहीत लिहून घेतलं. मग राहवेना, म्हणून विचारलं, "चुकीचं उत्तर मीच तुझ्या तोंडी घातलं. रागावलीस का माझ्यावर?"

ती खिडकीबाहेर बघू लागली.

"बेस्तरवारी सांगंल," वडील म्हणाले. "माझंबी असंच. हिच्या आईला होकार मी चौथ्या दिवशी दिला."

आज मंगळवार आहे. मधल्या दिवसांत मी तिला दुसरं काहीच विचारलेलं नाही. आधी ते उत्तर येऊ दे.